खेळ होतो, पण जीव जातो

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण लाभावे, अशी एक जुनी म्हण आहे. गुजराती माणूस ती अभिमानाने सांगतो आणि मराठी माणसालाही ती अपरिचित नाही. तापीकाठच्या या शहराशी आपले नाते केवळ १६६४ आणि १६७० या सालांपुरते नाही. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांमधून आज खानदेशातली हजारो कुटुंबे नांदत आहेत. मागावर आणि हिऱ्याच्या घंटीवर राबणारी ही माणसे रविवारी सायंकाळी इतर सुरतकरांप्रमाणेच मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडतात. सुरतकराला घरात बसवत नाही, असे म्हणतात. पूर्वी त्याची पावले डुमसच्या किनाऱ्याकडे वळत आणि भजी खाऊन, वाळूत बसून रात्री तो परत येई. आता वाटेवर दिव्यांच्या झगमगाटात नवनवीन करमणुकी उभ्या आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत जळगाव-धुळ्याहून आलेली भाचेमंडळी मामाचा हात ओढतात ती अशाच एखाद्या ठिकाणाकडे. तेथे जुन्या टायरांची कुंपणे घातलेली नागमोडी धावपट्टी असते, तिच्यावर चार चाकांच्या बुटक्या गाड्या गुरगुरत फिरत असतात आणि दहा मिनिटांच्या शर्यतीसाठी तासभराची रांग लागलेली असते. गो-कार्ट या नावाने ओळखला जाणारा हा खेळ आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. म्हणूनच त्याच्याविषयी चार शब्द गांभीर्याने लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

या गाडीची जन्मकथा साधी आहे. कॅलिफोर्नियातील आर्ट इंगल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारागिराने १९५६ साली लोखंडी नळ्यांची एक चौकट जोडली, तिला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले आणि चार लहान चाके लावली. मौजेखातर केलेल्या या उद्योगातून पुढे जगभर पसरलेला खेळ निर्माण झाला. आयर्टन सेन्ना आणि मायकेल शूमाकर यांच्यासारख्या विश्वविजेत्यांनी वेगाची मुळाक्षरे याच गाडीवर गिरवली. तेव्हा हा खेळ मुळातच वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. तारुण्याला वेगाची ओढ असणारच. ती ओढ भर रस्त्यावर, निरपराध पादचाऱ्यांच्या अंगावर घालण्यापेक्षा एखाद्या बंदिस्त धावपट्टीवर भागवली गेली तर समाजाचे त्यात हितच आहे. परंतु स्पर्धक ज्या गाडीवर वर्षानुवर्षे शिक्षण घेऊन बसतो, तीच गाडी आपल्याकडे तिकीट फाडून कोणाच्याही हाती दिली जाते. देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ती जत्रेतल्या पाळण्याची धाकटी बहीण वाटते. खरा धोका या गैरसमजुतीत आहे.

ही गाडी खेळण्यासारखी दिसते, पण ते खेळणे नव्हे. तिला धक्के शोषून घेणाऱ्या कमानी नसतात, छप्पर नसते, दारे नसतात. बसणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो आणि त्याच्या पाठीमागे, टीचभर अंतरावर, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड लोखंडी आस गरगर फिरत असतो. इंजिनातून निघालेली साखळी दातेरी चक्रावरून या आसाला फिरवते. आता थोडे गणित करू. चाकाचा व्यास साधारणपणे २८ सेंटिमीटर धरला आणि गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत आहे असे मानले, तर हा आस दर सेकंदाला बारा वेळा फिरतो. आसाची जाडी चार सेंटिमीटर धरली तर एका सेकंदात त्याच्याभोवती दीड मीटर लांबीची दोरी गुंडाळली जाईल. त्या दोरीच्या जागी मोकळी सुटलेली वेणी आली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. दोन फुटांची वेणी गुंडाळली जाण्यास अर्धा सेकंदही लागत नाही. धोका जाणवून माणसाचा पाय ब्रेकवर जाण्यासही त्याहून अधिक वेळ लागतो. ‘सावध राहिले असते तर वाचले असते’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. या अपघातात सावधपणाला संधीच मिळत नाही. सावधपणा दाखवायचा तो गाडी सुरू होण्यापूर्वी, आणि तो दाखवण्याची पहिली जबाबदारी बसणाऱ्याची नसून बसवणाऱ्याची आहे.

हे केवळ गणित राहिले असते तर बरे झाले असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथील प्रसिद्ध उद्यानात कुटुंबासह सहलीला आलेल्या २८ वर्षांच्या एका विवाहितेचे केस गो-कार्टच्या फिरत्या भागात अडकले. डोक्याची त्वचाच ओढली गेली आणि आप्तांच्या डोळ्यांदेखत तिचा अंत झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळील गुर्रमगुडा येथे अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी जवळजवळ तशाच रीतीने प्राणास मुकली. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण होते, तरीही केस चाकात ओढले गेले आणि ते शिरस्त्राण तिला वाचवू शकले नाही. दोन राज्ये, दोन वर्षांहून अधिक काळाचे अंतर, आणि अपघात मात्र एकच. पहिल्या मृत्यूपासून देशाने काही धडा घेतला असता तर दुसरा टळला असता, या विचाराने मन विषण्ण होते. दोन्ही वेळी ‘केस मोकळे का सोडले होते?’ असा प्रश्न विचारणारे निघालेच. ‘फिरता आस उघडा का ठेवला होता?’ असा प्रश्न विचारणारे मात्र थोडे निघाले.

वास्तविक या दुखापतीची ओळख आपल्या समाजाला नव्याने करून द्यावी लागावी, अशी स्थिती नाही. मळणी यंत्रात पदर अडकून जखमी झालेल्या मजूर स्त्रिया आपल्या खेड्यांनी पाहिल्या आहेत. गिरणीच्या पट्ट्यात वेणी ओढली गेल्याच्या कथा जुनी माणसे आजही सांगतात. दुचाकीच्या चाकात ओढणी गुंतून गळ्याला फास बसल्याच्या बातम्या तर आपण इतक्या वेळा वाचतो की त्यांचे काही वाटेनासे झाले आहे. सुप्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन हिचा १९२७ साली फ्रान्समधील नीस येथे असाच अंत झाला. गळ्यातले लांब वस्त्र मोटारीच्या चाकात गुंतले आणि क्षणार्धात सारे संपले.

भारतीय कायद्याने या धोक्याची दखल कधीच घेतली नाही, असेही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो की, मोटारसायकलच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण असलेच पाहिजे, जेणेकरून मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात गुंतणार नाहीत. ज्याला आपण ‘साडी गार्ड’ म्हणतो ते हेच. हा नियम करणाऱ्याने मोठे शहाणपण दाखवले. त्याने भारतीय स्त्रीला ‘साडी नेसून गाडीवर बसू नका’ असा उपदेश केला नाही. आपल्याकडे साडी नेसली जाते, हे वास्तव मान्य करून त्याने कारखानदाराला यंत्र बदलायला लावले. सुरक्षाशास्त्राचे सारे सार या एका नियमात आहे. माणूस चुकणार, विसरणार, मौजेच्या भरात भान हरपणार, हे गृहीत धरूनच यंत्र घडवावे लागते. चूक होऊ नये म्हणून फलक लावणे ही सुरक्षिततेची सर्वांत खालची पायरी होय. चूक झाली तरी प्राण जाऊ नयेत, अशी योजना करणे ही वरची पायरी.

मग हा शहाणपणा गो-कार्टच्या वाट्याला का आला नाही? उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत. गो-कार्ट धावते ती आवारात, रस्त्यावर नव्हे. परिणामी तिला नोंदणी क्रमांक नाही, योग्यतेचा दाखला नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही आणि रस्त्यावरील प्रत्येक गाडीला सक्तीचा असणारा त्रयस्थाचा विमाही नाही. ज्या बारा वर्षांच्या मुलाच्या हाती बापाने स्कूटर दिली तर बाप गुन्हेगार ठरतो, त्याच मुलाच्या हाती धावपट्टीचा मालक पैसे घेऊन इंजिनाची गाडी देतो आणि तो व्यवसाय ठरतो. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस कायद्याने पोलीस आयुक्तांना दिलेला आहे हे खरे. परंतु प्रवेशद्वार, गर्दी आणि ध्वनिक्षेपक यांची काळजी वाहणाऱ्या त्या व्यवस्थेत आस, साखळी आणि ब्रेक तपासणारा जाणकार कोठून येणार?

केसांची दुर्घटना ही या खेळातील सर्वांत भीषण असली तरी ती एकमेव नव्हे. मागून दुसरी गाडी येऊन आदळली की मान झटक्यासरशी मागे जाते आणि ते दुखणे महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. समोर धडक बसली तर सुकाणूचे चक्र छातीवर किंवा पोटावर आदळते. लहान मुलांच्या बाबतीत यकृताला वा प्लीहेला झालेली इजा बाहेरून दिसतही नाही आणि काही तासांनी मूल कोमेजू लागल्यावरच आईबापांच्या ध्यानी येते. उतरताना तापलेल्या धूरनळीला पोटरी लागून भाजणे ही तर नित्याची बाब. बंद शेडमध्ये पेट्रोलच्या गाड्या चालवल्या आणि हवा खेळती नसली तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू साचतो आणि डोके दुखू लागले तरी ‘उन्हाने दुखत असेल’ असे आपण म्हणतो. सगळ्यांना एकाच मापाची शिरस्त्राणे वाटली जातात. दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ढळढळणारे शिरस्त्राण रक्षण तर करीत नाहीच, उलट धडकेच्या वेळी त्याच्या कोवळ्या मानेवर अधिक भार टाकते. पट्ट्याबद्दलही अर्धवट ज्ञान आहे. शर्यतीच्या कार्टला पट्टा नसतो म्हणून भाड्याच्या गाडीलाही तो नको, असे काही मालक सांगतात. गाडी उलटली असता डोके वाचवणारी कमान जेथे आहे तेथे पट्टा हवाच, आणि कमान नाही तेथे वेग मर्यादित हवा, इतके साधे हे तारतम्य आहे.

सुरतेचे नाव घेऊन हे लिहिण्यास आणखी एक कारण आहे आणि ते आठवताना लेखणी जड होते. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलाला आग लागली. वरच्या बेकायदा मजल्यावर शिकवणीसाठी जमलेल्या मुलामुलींची खाली उतरण्याची वाट आगीने आणि धुराने रोखली. खिडक्यांतून उड्या घेणारी ती मुले साऱ्या देशाने पाहिली. बावीस कोवळे जीव गेले. सुरतेने त्या घटनेचा पाचवा स्मृतिदिन पाळला आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मे २०२४ रोजी, राजकोट येथील टीआरपी गेम झोन पेटला. सुटीतला शनिवार, ९९ रुपयांत प्रवेशाची सवलत, आत मुलांची झुंबड, पत्र्याची आणि लोखंडी सांगाड्याची वास्तू, एका बाजूला सुरू असलेले वेल्डिंगचे काम आणि त्याच आवारात गो-कार्टच्या गाड्यांसाठी साठवलेले इंधन. एवढे सारे एकत्र आल्यावर ठिणगी पडायची तेवढी राहिली होती. सत्तावीस माणसे जळून गेली. कित्येकांची ओळख पटवण्यासाठी रक्ताच्या नातेवाइकांचे नमुने घ्यावे लागले. त्या ठिकाणाला अग्निशामक दलाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते. दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, गुजरात उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली आणि ही आपत्ती प्रथमदर्शनी मानवनिर्मित असल्याचे म्हटले. मानवनिर्मित हा शब्द येथे महत्त्वाचा. त्या सत्तावीस जणांचा घात दैवाने केला नव्हता.

२०१९ नंतर काय झाले आणि २०२४ नंतर काय झाले, हे पाहिले की आपल्या कारभाराची रीत ध्यानी येते. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवसापासून टाळी ठोकण्याची मोहीम सुरू झाली. २०१९ मध्ये शिकवणी वर्गांना, २०२४ मध्ये गेम झोनना. दरम्यान १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी एक मोठा झोका मोडून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा पाळण्यांची पाळी आली. म्हणजे ज्या प्रकारची दुर्घटना घडेल त्या प्रकारच्या जागांना टाळे, आणि पुढची दुर्घटना टाळे न लागलेल्या ठिकाणी. राजकोटनंतर गुजरात सरकारने करमणुकीचे पाळणे आणि गेम झोन यांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र नियमावली तयार केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु नियमाचा कागद स्वतः उठून आसावर आवरण बसवत नाही. त्यासाठी माणूस जावा लागतो, तोही दुर्घटनेनंतर नव्हे, दर महिन्याला.

आणि हे सुरतेला सांगण्याची खरे तर गरज नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने हे शहर रिकामे झाले होते. आगगाड्यांच्या टपांवर बसून लोक पळाले आणि सुरतेचे नाव जगभर घाणीशी जोडले गेले. पुढच्याच वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कोणता चमत्कार केला? अधिकाऱ्यांना दररोज सकाळी खुर्ची सोडून रस्त्यावर जायला लावले, प्रत्येक विभागाला जबाबदार माणूस नेमला आणि नियम मोडणारा मोठा असो वा लहान, त्याला सारखाच दंड केला. दोन-तीन वर्षांत हेच शहर देशातील स्वच्छ नगरांत गणले जाऊ लागले. रोजची तपासणी काय करू शकते याचा धडा सुरतेने देशाला दिलेला आहे. तोच धडा तिने आता आपल्या मुलांच्या खेळाच्या जागांना लावावा, एवढेच मागणे आहे.

करायचे ते अवघड नाही आणि महागही नाही. आस, साखळी आणि दातेरी चक्र पूर्ण झाकणारे आवरण नसलेली एकही गाडी धावपट्टीवर उतरू देऊ नये. तिकीट खिडकीवरच केस बांधण्याची फीत आणि डोक्यावरून मानेपर्यंत येणारी घट्ट टोपी फुकट द्यावी. ओढणी, पदर, लोंबता गजरा, लांब मंगळसूत्र यांची व्यवस्था लागल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये. शिरस्त्राणे निदान चार मापांची असावीत. नवशिक्याची आणि मुलांची गाडी दुरून मंद करता येईल किंवा थांबवता येईल, अशी सोय आता विजेवरील गाड्यांत उपलब्ध आहे. शिवाय त्यामुळे इंधनाचा साठाही टळतो. पेट्रोलच ठेवायचे तर ते गर्दीपासून दूर, वेगळ्या पक्क्या खोलीत ठेवावे. बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा नसलेल्या जागेला परवानाच असू नये. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी आणि सक्तीचा विमा या गाड्यांनाही लागू करावा.

एक गोष्ट धावपट्टीवरील प्रत्येक पोराला शिकवलेली असावी. केस अडकलेच तर प्रथम इंजिन बंद करायचे, ओढायचे नाही, कात्रीने केस कापायचे आणि जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचे. निघालेली त्वचा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावी, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि रुग्णाबरोबरच रुग्णालयात न्यावी. अशी त्वचा सूक्ष्म शस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येते, हे १९७६ सालीच सिद्ध झालेले आहे. कात्री, कापड आणि बर्फ, एवढ्या भांडवलावर एखादीचे आयुष्य सावरू शकते.

यावर मालकवर्ग एका कागदाकडे बोट दाखवतो. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर बसत आहे’ असे त्यावर छापलेले असते आणि रांगेतला माणूस न वाचताच त्यावर सही ठोकतो. अशा कागदाने निष्काळजीपणाचे पाप धुतले जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाचे हक्क हिरावणाऱ्या एकतर्फी कराराला अन्याय्य म्हटले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पूर्वी ती दोन वर्षांची होती. सही ग्राहकाची असली तरी आस मालकाचा आहे, हे त्याने विसरू नये.

सुरतेकडे बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली बोटे आम्हाला दिसत नाहीत, असे नाही. आपल्या गोव्याचा तर संसारच पाहुण्यांच्या मौजेवर चालतो. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली. तीन आठवडे होतात न होतात तोच, १८ जानेवारी २०२५ रोजी, केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची तरुणी आणि तिचा चालक पॅराग्लायडिंग करताना मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीने पंचवीस जणांचा घास घेतला. प्रत्येक वेळी आपणही सुरतेप्रमाणेच हळहळलो, परवाने शोधू लागलो आणि टाळी लावली. पाणी असो, आकाश असो वा धावपट्टी असो, रोग एकच आहे. मौज विकणाऱ्याचा हिशेब रोजचा असतो आणि तपासणाऱ्याचा हिशेब दुर्घटनेपासून दुर्घटनेपर्यंतचा.

दगड मारणाऱ्या पोरांना तळ्यातला बेडूक म्हणाला होता की तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो. ती गोष्ट आपण लहानपणी ऐकली आणि मुलांना सांगितली. आज त्या गोष्टीतली पोरे मोठी होऊन गल्ल्यावर बसली आहेत आणि तळ्यात आपलीच मुले आहेत. पुढच्या सुटीत भाचीने हट्ट धरला तर मामाने तिला अवश्य न्यावे. मात्र तिकीट काढण्यापूर्वी खाली वाकून गाडीच्या मागे एकदा पाहावे. आस उघडा दिसला तर पैसे खिशात ठेवून सरळ परत फिरावे आणि का परतलो ते रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. सरकारी तपासनीस येईल तेव्हा येवो, तोवर हा तपासनीस प्रत्येक घरात आहे.